वही कुणाच्या कपाटात?

सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते. संक्रांत होऊन दोनच दिवस झालेले आणि होम मैदानावरच्या भोंग्यांमुळे फोनवरचं अर्धं बोलणं ऐकूच येत नव्हतं. तेवढ्यात एका जुन्या क्लायंटचा फोन आला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे.

"साहेब, पासवर्ड गेला ओ."

"कुठं गेला?"

"रद्दीत."

जुन्या कॅलेंडरच्या डिसेंबरच्या पानामागं, दुधाचा हिशेब आणि गॅस सिलिंडरची तारीख यांच्या शेजारी, त्यांनी जीएसटीचा, नेट बँकिंगचा आणि वीजबिलाच्या खात्याचा पासवर्ड लिहिला होता. एक तारखेला घरच्यांनी नवं कॅलेंडर खिळ्याला अडकवलं, जुनं रद्दीत टाकलं आणि रद्दी किलोच्या भावानं गेली. थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, भरायची वीस तारीख जवळ आलेली. 'फरगॉट पासवर्ड' दाबून नवा करून घेता आला असता, पण त्याचा ओटीपी नोंदणीतल्या मोबाइलवर जातो आणि नोंदणीतला मोबाइल माझा होता. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हाच्या धांदलीत आम्ही कर सल्लागारांनी बहुतेकांच्या नोंदण्या अशाच करून टाकल्या. स्वतःचा नंबर, स्वतःचा ईमेल, की मोकळे.

"तुमच्याकडं असंलच की लिहिलेला," ते म्हणाले. होता. एका मिनिटात सांगितला. त्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्या दिवशी माझा मात्र टांगणीला लागला.

हा किस्सा मी चार ठिकाणी सांगितला. चारही ठिकाणी लोक कॅलेंडरवाल्यालाच हसले. कागदावर कुणी पासवर्ड लिहितं का? पण रद्दीवाल्याच्या गोदामात पडलेल्या त्या पानावरून कुणी काय करणार होतं? त्यावर युजरनेम नव्हतं, बँकेचं नाव नव्हतं, नुसत्या गिचमिड अक्षरांच्या तीन ओळी. खरा धोका माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होता आणि त्याला कुणीच हसलं नाही.

ते रजिस्टर असं आहे. लाल कापडी बांधणीची, रोजमेळासाठी वापरतात तसली लांबट वही. रकाने आखलेले: नाव, पॅन, जन्मतारीख, लॉगिन, पासवर्ड, मोबाइल. ड्रॉवरला कुलूप, कुलपाची किल्ली पेनस्टँडमध्ये. बहुतेक पासवर्ड मीच बनवलेले, एकाच साच्यातले. नावाचं पहिलं अक्षर मोठं, पुढं 'अॅट द रेट', पुढं ठरलेले आकडे. एकाचा कळला की सगळ्यांचे कळले. इतक्या वर्षांत ऑफिसात कितीतरी मुलं येऊन गेली. त्यातला एक आता दुसऱ्या सल्लागाराकडे आहे. चांगला मुलगा आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण जाताना त्याच्याकडून किल्ली परत घेता आली, डोक्यातला साचा कसा घेणार?

म्हणून पासवर्ड कागदावर लिहावा की मोबाइलमध्ये ठेवावा हा वाद ऐकला, की मला तो चुकीच्या जागी चाललेला वाटतो. माझं म्हणणं सरळ आहे. स्वतःच्या हातानं लिहिलेला आणि स्वतःच्या कपाटात ठेवलेला कागद सोलापुरातल्या बहुतेक घरांना पुरेसा सुरक्षित आहे. 'पासवर्ड कुठंही लिहून ठेवू नका' हा बँकांचा आणि सरकारी संकेतस्थळांचा वर्षानुवर्षांचा उपदेश आता बंद व्हायला हवा. लोकांनी लिहिणं थांबवलं नाहीच. घरच्या वहीतला पासवर्ड तेवढा दुसऱ्याच्या वहीत गेला.

हा उपदेश आला कुठून? संगणकाला पासवर्ड लावायची पद्धत अमेरिकेत एमआयटीत १९६१ च्या सुमारास सुरू झाली, कारण एकाच यंत्रावर अनेकजण वेळ वाटून काम करत होते. पुढच्याच वर्षी ॲलन शेर नावाच्या संशोधकाला आठवड्याला मिळणारे चार तास अपुरे पडू लागले. त्यानं शुक्रवारी रात्री एक पंच कार्ड टाकून पासवर्डांची अख्खी फाइल छापायला सांगितली आणि शनिवारी सकाळी जाऊन कागद उचलला. आता जेकार्डच्या मागाखाली उभं राहून ज्यानं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ सरकताना पाहिली आहे, त्या सोलापूरकराला पंच कार्ड समजावून सांगायला नको. चादरीवरचा मोर कुठल्या पुठ्ठ्यावर कसा साठवलेला असतो हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. सांगायचं एवढंच, की त्या चोरीत कागद नुसता वाहक होता. सगळ्यांचे पासवर्ड एका जागी उघडे ठेवले होते, ही चूक होती. त्या फाइलला माझ्या लाल वहीची पूर्वज म्हणायला हरकत नाही.

नंतर ऑफिसं आली, भिंती आल्या आणि भिंतींवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या आल्या. २०१५ मध्ये टीव्ही ५ मोंद या फ्रेंच वाहिनीवर सायबर हल्ला झाला. त्याच्या बातमीसाठी घेतलेल्या मुलाखतीत मागच्या चिठ्ठ्यांवरचे पासवर्ड सगळ्या देशानं पाहिले. २०१८ च्या जानेवारीत हवाई बेटांवर क्षेपणास्त्राचा खोटा इशारा गेला, तेव्हा त्या आपत्कालीन यंत्रणेच्या ऑफिसातला आधीच्या वर्षीचा एक फोटो लोकांनी शोधून काढला. त्यातही संगणकाला पासवर्डची चिठ्ठी चिकटलेली. अशा प्रकारांनी कागद बदनाम झाला. वास्तविक गुन्हा भिंतीचा आणि कॅमेऱ्याचा. घरातल्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवलेल्या वहीचा फोटो कुठलं चॅनल काढणार आहे?

चोर कुठं बसला आहे हे आधी पाहावं लागतं. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या एका कंपनीकडून तीन कोटीहून जास्त पासवर्ड चोरीला गेले. तिनं ते कुलूप न लावता, जसेच्या तसे साठवले होते. त्यात सगळ्यात जास्त लोकांचा पासवर्ड होता एक ते सहा आकडे ओळीनं. तेव्हापासून अशा याद्या बाजारात फिरताहेत. चोर एका ठिकाणचा ईमेल आणि पासवर्ड घेतो आणि यंत्राकरवी शंभर ठिकाणी लावून पाहतो. ज्यानं सगळीकडं एकच पासवर्ड ठेवला त्याचं घर उघडतं. हा चोर कुठल्या खंडात बसला आहे ते पोलिसांनाही कळत नाही, पण साखर पेठेतल्या एका घराचं कपाट त्याला उघडता येत नाही हे नक्की. कागद या चोरापुढं अभेद्य आहे. उलट कागदामुळंच माणसाला वीस ठिकाणी वीस वेगळे पासवर्ड ठेवायची हिंमत होते. सुरक्षा क्षेत्रात ज्यांचा शब्द मानतात त्या ब्रूस श्नायर यांनी २००५ मध्येच सांगितलं होतं, की अवघड पासवर्ड करा आणि कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कारण छोटे कागद जपायची आपल्याला सवय असते. ब्रिटनचं राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्रही लोकांना तेच सांगतं: वहीत लिहा, फक्त वही संगणकाजवळ ठेवू नका.

आपल्याकडं मात्र 'डिजिटल' म्हणून जे चालतं ते पाहिलं की हसावं की रडावं कळत नाही. एटीएमचा पिन 'एटीएम काका' या नावानं कॉन्टॅक्टमध्ये. नेट बँकिंगचा पासवर्ड स्वतःलाच पाठवलेल्या व्हॉट्सॲपमध्ये. पासबुक, आधार, पॅन, कार्डाच्या दोन्ही बाजू, सगळं गॅलरीत आणि गॅलरी आपोआप गूगलच्या खात्यात चढलेली. मग कुणीतरी लग्नाची पत्रिका म्हणून किंवा वाहनाचं चलन म्हणून एपीके फाइल, म्हणजे दाबली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, पाठवतं, आपण 'कोणाचं लग्न बरं' म्हणत दाबतो आणि फोनमधले मेसेज दुसऱ्याच्या ताब्यात जातात. कागदाला हसणारे लोक बहुधा या लोकांपैकी असतात. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद सांभाळणारं ॲप, वापरणारे फार थोडे, आणि त्यांची गोष्ट निराळी. त्यांच्याकडं मी येणारच आहे.

आधी 'लिहू नका'चं काय झालं ते सांगतो, कारण ते मी रोज पाहतो. आपल्या पूर्व भागात घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कन्नड, हिंदी, उर्दू जे लागेल ते. या माणसाला संकेतस्थळ सांगतं: किमान आठ अक्षरं, एक मोठं, एक लहान, एक आकडा, एक चिन्ह. मोठं अक्षर म्हणजे काय? देवनागरीत मोठा 'क' आणि लहान 'क' असा प्रकारच नाही. विडी वळण्यात आयुष्य गेलेल्या एका बाईंना पीएफच्या कामासाठी यूएएनचा, म्हणजे पीएफच्या क्रमांकाच्या खात्याचा, पासवर्ड करायचा होता. 'मोठा ए' म्हटल्यावर त्यांनी कागदावर 'ए' हे अक्षर खरंच मोठ्या आकारात काढलं. त्यांचं काय चुकलं? चार वेळा लाल अक्षरात नकार आल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्हीच टाका काहीतरी, अन् तुमच्याकडंच राहू द्या." सगळीकडं हेच. शिष्यवृत्तीचं महाडीबीटीचं खातं नेट कॅफेवाल्याच्या वहीत, शेतकऱ्याच्या योजनेचं खातं महा ई-सेवा केंद्राच्या वहीत, जीएसटी माझ्या वहीत. दुसऱ्या वर्षी नेट कॅफे बंद झालेला असतो आणि पोरगं अर्जाचं नूतनीकरण कसं करायचं म्हणून रडत असतं.

हे मोठं-लहान-आकडा-चिन्ह प्रकरण तरी कुठून आलं? अमेरिकेच्या मानक संस्थेत, निस्टमध्ये, बिल बर यांनी २००३ मध्ये लिहिलेल्या मार्गदर्शिकेतून ते जगभर पसरलं. दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्तीही तिथलीच. निवृत्तीनंतर, २०१७ मध्ये, त्यांनीच एका मुलाखतीत त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो असं सांगितलं. त्याच वर्षी निस्टनं नियम बदलले: मुदतीनुसार बदलायची सक्ती नको, चिन्हांची सक्ती नको, लांबी असू द्या. जिथून रोग आला तिथं औषध निघालं, पण आपल्याकडं अजून रोगाचंच वाटप चालू आहे.

आणि एक गंमत. ई-आधारची पीडीएफ उघडायला पासवर्ड काय? नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढं जन्मसाल. आयकराच्या वार्षिक माहिती पत्रकाची फाइल उघडायला? लहान अक्षरांत पॅन आणि पुढं जन्मतारीख. म्हणजे पासवर्ड गुप्त असावा असं एका तोंडानं सांगायचं आणि नाव अधिक जन्मसाल म्हणजे पासवर्ड हे दुसऱ्या तोंडानं शिकवायचं. मग लोकांनी बँकेलाही तोच साचा लावला तर दोष कुणाचा? माझ्या लाल वहीतला साचा मी याच शाळेत शिकलो.

आता दुसऱ्या बाजूचं. माझा भाचा मूळचा इथलाच, पुण्यात आयटीत आहे. त्याच्याशी हा वाद दिवाळीत शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर झाला आणि त्यात मी एका मुद्द्यावर हरलो, ते लपवत नाही.

"मामा, वही खोट्या साइटला ओळखते का?" त्यानं विचारलं.

बँकेसारखं हुबेहूब दिसणारं खोटं पान समोर आलं, तर वहीतला पासवर्ड बघून बघून, एकेक अक्षर तपासून, आपण तो चोराच्या हातात देतो. पासवर्ड मॅनेजर साइटचा पत्ता तपासतो. पत्ता एका अक्षरानं जरी वेगळा असला तरी तो रकाना भरतच नाही, आणि तो भरत नाही म्हणजे काहीतरी गडबड आहे हे माणसाला कळतं. ही सोय कुठल्याही कागदात नाही. ज्याची चाळीस खाती आहेत, जो दिवसभर फोन आणि संगणकावर आहे, इंग्रजी अक्षरं ज्याला अडवत नाहीत, त्यानं पासवर्ड मॅनेजरच वापरावा. मी स्वतःच्या खात्यांसाठी आता तेच करतो. त्याचा मुख्य पासवर्ड मात्र कागदावर लिहून घरात ठेवलाय आणि ते भाच्यालाही मान्य आहे.

पण त्या बाजूलाही सगळं आलबेल नाही. २०२२ मध्ये लास्टपास या प्रसिद्ध पासवर्ड मॅनेजरकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या नकला चोरीला गेल्या. पासवर्ड कुलूपबंद होते, पण कुठल्या कुठल्या साइटवर खाती आहेत ते उघडं होतं. ज्यांचा मुख्य पासवर्ड कच्चा, त्यांची झोप तेव्हापासून उडाली. भाचा म्हणतो, सगळे मॅनेजर तसे नसतात. खरं आहे. पण विडी वळणाऱ्या बाईंनी त्यातला कुठला निवडायचा, फोन फुटला की काय करायचं, मुख्य पासवर्ड विसरला तर काय, हे त्यांना कोण समजावणार? पुन्हा नेट कॅफेवाला. म्हणजे पुन्हा दुसऱ्याची वही.

कागदाचे तोटे मला कुणी सांगायला नकोत. कॅलेंडर रद्दीत जातं, जुन्या घरात वाळवी लागते, शाई पुसते, शून्य आणि 'ओ' एकसारखे दिसतात. स्टीफन थॉमस नावाच्या माणसाची ७,००२ बिटकॉइन ज्या पेनड्राइव्हसारख्या उपकरणात अडकून पडली, त्याचा पासवर्ड त्यानं कागदावरच लिहिला होता आणि तो कागद हरवला. उपकरण दहाच प्रयत्न करू देतं. २०२१ मध्ये बातमी आली तेव्हा त्याचे आठ संपले होते. तेव्हा कागदाची प्रत दोन ठिकाणी हवी, इतकं साधं त्यातून घ्यायचं.

आणि एक तोटा असा आहे की तिथं माझा सगळा युक्तिवाद थांबतो. चोर घरातच असेल तर? नवरा पगार काढून घेतो म्हणून जिनं वेगळं खातं उघडलंय, त्या बाईनं घरच्या कपाटात वही ठेवणं म्हणजे त्याच्याच हातात देणं. तिला पासवर्ड डोक्यात किंवा स्वतःच्याच बोटाच्या ठशानं उघडणाऱ्या फोनमध्ये हवा, आणि तो फोनही दुसऱ्याचं बोट नोंदवलेला नको. इथं सरसकट सल्ला देणारा माणूस, मग तो मी असो की बँक, नुकसान करतो. आपलं गुपित कुणापासून लपवायचंय हे ज्याचं त्यालाच माहीत असतं. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवणारा शेतकरी ते जाणतो. त्याचं गुपित लांबच्या माणसापासून नसतं, शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकापासून असतं.

पिनचंही वेगळं. चार आकड्यांचे फक्त दहा हजार प्रकार होतात. त्याचं सगळं बळ दोन गोष्टींत: तीनदा चुकलं की कार्ड अडतं, आणि कार्ड व पिन एकत्र नसतात. पिन कार्डाच्या पाकिटावर लिहिला की दोन्ही गेलं. म्हणून पिन पाठ करावा, पासवर्ड लिहावा. आणि ओटीपी तर कुठंच लिहायचा नाही, कुणाला सांगायचाही नाही. तिन्ही गोष्टींना बँका एकाच दमात 'लिहू नका, सांगू नका' म्हणतात. परिणाम असा, की माणूस पासवर्ड लिहायला घाबरतो आणि फोनवर 'साहेबांनी' मागितला की ओटीपी सांगून मोकळा होतो.

लिहायचं कसं, तेही कुणी शिकवत नाही. मी आता क्लायंटना सांगतो ते असं: साधी शंभर पानी वही घ्या, मुलांच्या जुन्या वह्यांसारखी दिसणारी. वरती 'पासवर्ड' लिहू नका. एका पानावर एकच खातं. बँकेचं नाव पूर्ण लिहायची गरज नाही, तुम्हाला कळेल एवढी खूण पुरे. प्रत्येक अक्षर सुटं, आणि मोठ्या अक्षराखाली रेघ. पासवर्डचा शेवटचा छोटा तुकडा लिहूच नका, तो सगळीकडं सारखा ठेवा आणि डोक्यात ठेवा. वही हाती लागली तरी लगेच उपयोग होत नाही. पासवर्ड शब्दांचा केला तर उत्तम. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द, तुमच्या घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेतले, इंग्रजी अक्षरांत. आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये फाशांनी शब्द निवडायची रीत सांगितली. पाच फासे टाकले की ७,७७६ शब्दांतला एक मिळतो, आणि असे चार शब्द म्हणजे सुमारे ३,६५६ लाख कोटी शक्यता. देवाचं किंवा नातवाचं नाव मात्र नको. आपल्याकडं सिद्धेश्वर महाराजांच्या नावानं किती खाती उघडत असतील ते मी माझ्या रजिस्टरवरूनच सांगू शकतो.

वहीचा आणखी एक उपयोग आहे आणि तो माणूस गेल्यावर कळतो. घरात कुणाला ठाऊकच नसतं की कुठल्या बँकेत काय आहे. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. त्या शोधण्यासाठी २०२३ मध्ये उद्गम नावाचं संकेतस्थळ काढावं लागलं, यावरूनच समजा. गेलेल्या माणसाच्या पासवर्डनं पैसे काढू नयेत. त्यासाठी नॉमिनी आहे, आणि २०२५ च्या नोव्हेंबरपासून खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. पण खातं आहे एवढं तरी घरच्यांना कळायला हवं, आणि मेलेल्या माणसाचा फोन ते सांगत नाही. त्याचं बोट लागतं.

आता जबाबदारीचं. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवलं, की बँक आणि ग्राहक दोघांचाही दोष नसेल आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर भुर्दंड नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळं पैसे गेले, म्हणजे उदाहरणार्थ त्यानं पासवर्ड दुसऱ्याला दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. हे सिद्ध करायची जबाबदारी मात्र बँकेवर. कागदावर नियम चांगला आहे. पण माझ्या क्लायंटनी पासवर्ड मला दिलाय, म्हणजे त्या नियमानं ते आजच निष्काळजी ठरतात आणि त्यांना तसं भाग पाडणारी व्यवस्था मात्र नामानिराळी. याउलट घरच्या वहीत लिहिलेला पासवर्ड हा 'दुसऱ्याला दिलेला' नाही, हे बँकांनी आपल्या सूचनांत स्पष्ट लिहावं. 'लिहू नका'च्या जागी 'लिहा, पण दुसऱ्याच्या वहीत नको' असं मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये छापावं. त्याला खर्च किती येणार आहे?

आणि आमच्यासारख्यांचं काय? गंमत म्हणजे वाट आहे. जीएसटीच्या संकेतस्थळावर करदात्याला आपला जीएसटी प्रॅक्टिशनर नेमता येतो आणि तो स्वतःच्या लॉगिननं काम करतो. आयकराच्या संकेतस्थळावरही सीए किंवा अधिकृत मध्यस्थ जोडायची सोय आहे. पासवर्ड मागायची गरज नसते. आम्ही तरी मागतो, कारण ते सोपं पडतं आणि, खरं बोलायचं तर, क्लायंट दुसरीकडं जायला कचरतो. एका सल्लागारानं जुन्या फीचा वाद मिटेपर्यंत पासवर्ड अडवून धरल्याचं मी स्वतः पाहिलंय. कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात ते हेच. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेत कसूर केली तर २५० कोटींपर्यंत दंड आहे, पण तो कायदा डिजिटल माहितीला लागतो. माझं लाल रजिस्टर संगणकात चढवलं असतं तर त्याच्या कक्षेत आलं असतं. कागदावर आहे तोवर नाही. कर सल्लागार, सेतू केंद्रं, नेट कॅफे यांनी दुसऱ्याचा पासवर्ड स्वतःकडं लिहून ठेवायचाच नाही, मग तो कागद असो की एक्सेल, असा नियम राज्य सरकारला केंद्रांना परवाना देताना घालता येईल. आम्हा सल्लागारांच्या संघटनांनी तर सरकारची वाटही पाहू नये.

मी फेब्रुवारीपासून सुरुवात केली. एकेका क्लायंटला बोलावतो, नोंदणीत त्यांचा मोबाइल आणि ईमेल घालतो, पासवर्ड त्यांच्याच हातानं बदलून घेतो, त्यांच्याच वहीत लिहून घेतो आणि रजिस्टरातलं ते पान काढून त्यांच्यासमोर फाडतो. एका माणसाला पाऊण तास लागतो, कधी दोन फेऱ्या होतात. स्टाफ कुरकुरतो. काही जण आनंदानं वही घेऊन येतात. बरेच जण येतच नाहीत.

टॉवेलवाले आले तेव्हा नवं कॅलेंडर गुंडाळून काखेत घेऊन आले होते. त्याच्या मागं लिहायचं म्हणत होते. मी ड्रॉवरमधून एक कोरी वही काढून दिली. त्यांनी नवा पासवर्ड लिहिला, मोठ्या अक्षराखाली रेघ मारली, एकदा वाचून पाहिला आणि वही माझ्यापुढं सरकवली.

"तुमच्याकडंच राहू द्या की साहेब. घरी हरवंल."

दहा मिनिटं समजावलं. वही घेऊन गेले. संध्याकाळी दिवे घालवताना पाहिलं, तर ती पेनस्टँडच्या मागं ठेवलेली होती.